मुकी रिक्षा

परभणीच्या भाजी मंडईजवळच्या स्टँडवर निर्मला खंदारे बॅटरीवरची रिक्षा लावू लागली, तेव्हापासून ती देवकत्यांच्या डोळ्यांत सलत होती. देवकते म्हणजे तिथल्या पेट्रोल रिक्षावाल्यांचे पुढारी. एके सकाळी त्यांनी वाहतूक अधिकारी घोलप साहेबांनाच स्टँडवर आणलं.

“साहेब, हिची गाडी मुकी आहे. मागून येते, पण कळत नाही. उद्या एखाद्या म्हातारीला उडवेल! तुम्ही पाठ करून उभे राहा. गाडी ऐकू आली, तर नाव बदलीन.”

“ताई, मला ऐकू आली नाही, तर इथं गाडी लावायची नाही,” घोलप म्हणाले.

देवकते एवढे निर्धास्त कसे? निर्मलाला शंका आली. तिने रांगेकडे पाहिलं. एकाही रिक्षात प्रवासी नव्हता, तरी अकराच्या अकरा इंजिनं धडधडत होती.

“परीक्षा मान्य आहे, साहेब. फक्त आधी या गाड्या बंद करायला सांगा.”

“त्यांचा काय संबंध?” देवकते उसळले. घोलपांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि गाड्या बंद करायला लावल्या.

निर्मलाने रिक्षा लांब नेली आणि ती घोलपांच्या पाठीमागून निघाली. चाकांखाली खडी करकरली, मोटार गुणगुणली. रिक्षा वीस पावलांवर असतानाच पाठमोऱ्या घोलपांनी हात वर केला.

निर्मला खाली उतरली. “देवकतेभाऊ, माझी गाडी मुकी नाही. तुमच्या गाड्या तिला बोलू देत नाहीत.”

घोलप वळले. “आजपासून उभ्या गाडीचं इंजिन बंद. ज्याचं चालू दिसेल, त्याने स्टँड सोडायचा.”