विहीणबाईंचे सहा नारळ

तुळोजीराव जहागीरदारांच्या जत्रेत आकड्यांचा खेळ रंगायचा. तीन मडक्यांतून तीन आकडे निघायचे आणि ते आधीच ओळीने सांगणाऱ्याला दुभती म्हैस मिळायची. एका सांगण्याला एक नारळ. आकडे उलटसुलट कसेही आले तरी चालावेत असं वाटलं, तर सहा नारळ, कारण तीन आकडे सहा तऱ्हांनी येतात.

यंदा रावांच्या सुनेची आई, म्हाळसाबाई, खेळायला आल्या. म्हणाल्या, "चार, चार, नऊ. उलटसुलट."

रावांनी सहा नारळ ठेवून घेतले.

"व्याहीबुवा, त्या सहा तऱ्हा जरा म्हणून दाखवा की."

"चार चार नऊ. चार नऊ चार. नऊ चार चार..." रावांची गाडी तिथेच अडली. माणसं हसू लागली, तसा त्यांनी मिशीला पीळ दिला. "हा चार वेगळा आणि तो चार वेगळा! त्यांची अदलाबदल केली की झाल्या सहा. मुलीकडच्यांनी आम्हाला हिशेब शिकवू नये."

"बरं बाई, वेगळे तर वेगळे," म्हाळसाबाई पदर खोचत म्हणाल्या. "म्हणजे माझे आकडे आले, की माझ्या दोन नारळांना एकेक म्हैस लागणार. एक ह्या चारचा, दुसरा त्या चारचा. तेव्हा एक तर तीन नारळ परत द्या, नाहीतर आणखी एक म्हैस आणून बांधा."

रावांनी तीन नारळ पुढे सरकवले. बाईंनी त्यातला एक तिथेच फोडला आणि पाण्याची वाटी रावांपुढे धरली.

"घ्या, घसा कोरडा पडला असेल. मुलीकडचंच आहे, पण गोड आहे."