कपिलाक्षाची मुद्रा

एका राज्यात असा कायदा होता, की कुणी कथा रचली तर ती आधी राजाच्या ग्रंथपालापुढे ठेवावी. त्याने मुद्रा उमटवली तरच ती चारचौघांत वाचावी. मुद्रेशिवाय जो वाचील, तो उभ्या जागी दगड होईल. असे अकरा दगड राजवाड्यासमोरच्या चौकात उभे होते, आणि लोक त्यांना वळसा घालून बाजाराला जात. लोकांचं काय, त्यांना कशाचीही सवय होते!

हा ग्रंथपाल म्हणजे मांत्रिक कपिलाक्ष. दाढी काळीभोर, बोलणं तुपाळ, आणि राजा मणिभद्राचा त्याच्यावर आंधळा विश्वास. राणीच्या भावाच्या बारा कथांना त्याने मुद्रा दिली होती. त्या ऐकून जांभयांनी लोकांचे जबडे दुखले, पण मुद्रा ती मुद्रा.

त्या नगरात सगुणा नावाची रंगारीण होती. दिवसभर हौदात लुगडी बुचकळावी, आणि उरलेल्या वेळात लिहावं. अशी सात वर्षं खपून तिने एक कथा पुरी केली. जमिनीखाली हरवलेली नदी शोधायला निघालेल्या एका मुलीची ती कथा. सगुणाने पोथी कापडात बांधली, लाल दोऱ्याची रंगाऱ्यांची गाठ मारली, आणि कपिलाक्षापुढे ठेवली.

"वाचून सांगावं, स्वामी."

कपिलाक्षाने पोथी तळहातावर तोलली. "कथा बरी आहे. पण शाई फिकी. काजळडोहाची शाई आण, मग पाहू."

तोलून कळते म्हणे कथा! भोपळा आहे का तो? पण सगुणा भाबडी. निघाली.

काजळडोह सात डोंगरांपलीकडे. तिथे राखणीला बसलेली सुसर म्हणाली, "घड्याला वेणी." सगुणाने गुडघ्यापर्यंतची वेणी कापून दिली, घडा भरला, आणि बोडक्या मानेने परत आली.

"उत्तम," कपिलाक्ष म्हणाला. "कथेत दम आहे. पण पानं जाड. चालत्या डोंगरावरची भूर्जपत्रं आण."

तो डोंगर रोज एक कोस सरके. सगुणा चार महिने त्याच्यामागे धावली. घरचा हौद सुकला, गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, शेजारणी म्हणाल्या, "लिहिते म्हणे! आधी लुगडी रंगव." भूर्जपत्रं मिळाली खरी. पण परतताना ती आपलीच कथा मनात घोळवू लागली, तर त्या मुलीचं नाव आठवेना. आपण ठेवलेलं नाव! पोटचं पोर गर्दीत हात सोडून गेलं, असं तिला झालं.

"आता एकच राहिलं," कपिलाक्ष म्हणाला. "बोलक्या भारद्वाजाचा अभिप्राय. पोथी घेऊन जा. तो थोर पक्षी आहे. त्याच्या चार शब्दांवाचून मुद्रा नाही."

भारद्वाज पिंपळावर बसला होता. सगुणाने पोथी पुढे केली.

"बाई," तो म्हणाला, "मला वाचता येत नाही."

"मग ते अभिप्राय?"

"कपिलाक्ष लिहितो. खाली माझं नाव घालतो. मला मूठभर दाणे मिळतात. पण मला सांग, ती गाठ कुणाची?"

सगुणाने पाहिलं. गाठ तिचीच होती. तिने स्वतःच्या हाताने मारलेली. वर्षभर तो मनुष्य बरी म्हणत होता, उत्तम म्हणत होता, आणि दोरा सुटलासुद्धा नव्हता! तिने घाईघाईने पोथी सोडली. शेवटची पानं कोरी पडली होती, आणि आधीच्या पानांवरून त्या मुलीचं नावही विरलं होतं.

"न वाचता तळघरात दडपून ठेवलेल्या पोथीतली अक्षरं विरत जातात," भारद्वाज म्हणाला. "लिहिणाऱ्याच्या डोक्यातूनही जातात. आणि एकेका पोथीमागे कपिलाक्षाचं आयुष्य एकेक वर्षाने वाढतं. तीनशे वर्षांचा झाला तो."

सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक चौकात आली. बाजाराचा दिवस होता. तिने पोथी उघडली. सज्जातून कपिलाक्ष गरजला, "मूर्खे, दगड होशील!"

"होईन. पण न वाचता उत्तम म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा उभी राहणार नाही."

तिने वाचायला सुरुवात केली आणि तिची पावलं दगड झाली. आधीच्या अकरा जणांच्या वेळी लोक कानांवर हात ठेवून पळाले होते. याही वेळी निम्मे पळाले. पण कथा अशी होती, की उरलेल्यांचे पाय निघेनात. दगड गुडघ्यांवर आला, कमरेवर आला, छातीशी आला. कथेतली मुलगी भुयारात शिरली, दिवा विझला, तिच्या हाताला भिंत ओली लागली. पुढचं पान कोरं. आणि सगुणालाही काही आठवेना.

तेवढ्यात शेंगा विकणारी बायजा माळीण टोपली आपटून ओरडली, "अगं, थांबलीस काय? मग पुढं काय झालं?"

बस्स! तीनशे वर्षांत त्या राज्यात हे कुणी विचारलं नव्हतं. दगड वाळल्या चिखलासारखा तडकला. कोऱ्या पानावर अक्षरं उमटली, त्या मुलीचं नाव सगुणाच्या ओठांवर आलं, "तरला!" तिने कथा शेवटपर्यंत वाचली. अकरा दगडांनी डोळे उघडले. त्यातला एक म्हणाला, "माझी कथा कुठवर आली होती?"

राजा मणिभद्र अनवाणी खाली आला. "बाई, तुझ्या पोथीवर सोन्याची मुद्रा उमटवतो."

"मुद्रा मोडा, महाराज. तीस वर्षं गादीवर आहात, एक तरी पोथी स्वतः मागवून पाहिलीत?"

राजाने स्वतःच्या हाताने मुद्रा फोडली, आणि कपिलाक्षाला चौकात बसवून आज्ञा केली, "तळघरातली प्रत्येक पोथी मोठ्याने वाच."

तळघरातल्या पोथ्यांतही अक्षरं परतली होती. कपिलाक्ष वाचू लागला. पोथीगणिक चोरलेलं एक वर्ष गळे. दाढी पिकली, दात पडले. चाळिसाव्या पोथीला तो मध्येच अडखळला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"ही... ही किती सुंदर आहे. लिहिणाऱ्याला बोलवा."

म्हातारा द्वारपाल पुढे आला. "माझे आजोबा त्यांच्याबद्दल सांगत. उत्तराची वाट बघत ते रोज तुमच्या पायरीवर येऊन बसायचे. बसल्या जागीच गेले. ऐंशी वर्षं झाली."

कपिलाक्ष पोथी छातीशी धरून बसून राहिला.

लोक म्हणाले, "रडतोस काय? वाच पुढं."