दोन्ही पाहुणे जिंकले पाहिजेत

भैरवगडच्या उदाजीराजांनी एकाच मजकुराची दोन पत्रं धाडली आणि तिथेच घोटाळा झाला. एक गेलं हंगेरीच्या फुटबॉल क्लबाला, दुसरं जर्मनीच्या. मैत्रीचा सामना खेळायला या, एवढंच कळवायचं होतं. पण दरबारच्या लेखनिकाला पत्राच्या शेवटी काहीतरी गोड लिहायची खोड. त्याने दोन्हीकडे लिहिलं, 'आमच्या मैदानावर विजय आपलाच होईल, हा आमचा शब्द.' खाली राजांची मोहोर!

आता हंगेरीचा कप्तान लास्लो आणि जर्मनीचा कप्तान ओटो दरबारात पत्रं नाचवत उभे होते. मधे दुभाषा घाम पुसत होता.

दिवाणांनी बरोबरी सुचवली. बरोबरी म्हणजे विजय नव्हे, असं दोन्ही कप्तान एका सुरात म्हणाले. सेनापतींनी दोन सामने सुचवले, एक यांनी जिंकावा, एक त्यांनी. मुद्दाम हरायला आम्ही समुद्र ओलांडला नाही, असं उत्तर आलं. राजवैद्य जुलाबाच्या पुडीबद्दल काहीतरी पुटपुटले, पण राजांनी डोळे वटारले.

राजे हट्टाला पेटले. "दोन्ही पाहुणे इथेच जिंकतील. तोवर मैदान मोकळं होणार नाही. उपाय सांगेल त्याला मागेल ते देऊ."

दवंडी गावातल्या सगुणानेही ऐकली. ते मैदान म्हणजे गावाची खळ्याची जागा होती. आसपास तेवढीच जमीन सपाट आणि टणक, म्हणून राजांनी तिथे गोलाचे खांब रोवले होते. ज्वारीची कणसं शेतात पडून होती आणि पाखरं दाणे टिपत होती. तिचे वडील, हैबती, दिवसभर गोफण फिरवून थकले होते. आणखी आठवडा गेला, तर मळायला नुसता भुसा उरला असता.

सगुणाने पदर खोचला आणि दरबार गाठला.

"फुटबॉल पाहिलास का कधी?" दिवाणांनी हसत विचारलं.

"न्हाई जी. पण पाहुणे लई पाहिलेत."

राजांनी हात वर करून हसणाऱ्यांना थांबवलं.

"आमच्यात जावई सोंगट्या खेळाय बसला की सासरा हरतो," सगुणा म्हणाली. "दोन जावई एकदम आले, तर त्यांना समोरासमोर बसवत न्हाईत. दोघं एका बाजूला, आन् समोर घरची माणसं."

"म्हणजे समोर कोण?"

"तुम्ही, महाराज. आन् ही सगळी दरबारी मंडळी."

दिवाणांचं हसू मिशीतच अडकलं.

कप्तानांना मात्र हे पटेना. एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून खेळायचं? सगुणाने दुभाष्याला सांगितलं, "इचारा त्यांना, मैत्रीचा सामना खेळाय आलात ना? मग मैत्री कुठं ठेवून आलात?"

दोघांनी माना डोलावल्या. मग अकरात सहा कुणाचे आणि पाच कुणाचे यावर तासभर वाद झाला. शेवटी अर्ध्या वेळेनंतर उलटं करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सामना झाला. मान म्हणून राजे स्वतः गोलात उभे राहिले, आणि तिथेच दरबाराचा निकाल लागला. राजाला पाठ दाखवायची नाही, हा भैरवगडचा रिवाज! दरबारातले दहाही जण गोलाकडे तोंड करून अदबीने उभे. पाहुणे मागून कुठून येतात, कुणालाच दिसेना. चेंडू दिवाणांच्या पायांतून गेला, तेव्हा ते मुजरा करत होते.

पाहुण्यांनी सत्तावीस गोल केले, दरबाराने एकही नाही. विजेत्यांच्या कपाला दोन कान होते. एक लास्लोने धरला, दुसरा ओटोने. पाहुणे एकमेकांच्या गळ्यात हात टाकून नाचू लागले.

राजे धुळीने माखून आले. "पोरी, शब्द राखायला एका गोलानं हरलो असतो तरी चाललं असतं. सत्तावीस झाले!"

"महाराज, बाकीचे राजे शब्द एकदा पाळतात," सगुणा म्हणाली. "तुम्ही सत्तावीसदा पाळला."

 राजे असे हसले, की हसता हसता गोलाच्या खांबाला टेकले.

"माग, काय हवं ते."

"हे खांब काढा जी. आन् मळणीला माणसं द्या, चांगली दहा."

राजांनी मागे वळून पाहिलं. दरबाराचे दहाही जण अजून त्यांच्याकडे तोंड करून उभे होते.

"ही घेऊन जा," राजे म्हणाले. "बैलांना पाठ दाखवायची यांना मुभा आहे."