बाभळीचे ठोकळे

एकदा एक व्यापारी आपली जुनी मोटार घेऊन एका वृद्ध जाणत्याकडे आला, आणि येताना मोटारीचा इतिहासही तयार करून घेऊन आला.

मोटार विलायती होती. गडद हिरवी, लांब नाकाची, पितळी दिव्यांची. कित्येक वर्षे ती धान्याच्या गोदामात पोत्यांमागे उभी होती. व्यापाऱ्याने ती बाहेर काढली, वरून रंग दिला, पितळ घासून घेतले. आता ती शहराच्या संग्रहालयात जायची होती. तिच्याशेजारी लावायचा संगमरवरी फलकसुद्धा कोरून झाला होता. पटकीच्या साथीत व्यापाऱ्याच्या आजोबांनी ही मोटार तीन महिने स्वतः चालवली आणि खेड्यापाड्यांतले रोगी दवाखान्यात पोहोचवले, असे त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिले होते.

संग्रहालयाची अट एकच होती. मोटारीच्या शहानिशेच्या कागदावर त्या वृद्धाची सही हवी.

वृद्धाने तरुणपणी संस्थानच्या मोटारखान्यात काम केले होते. लोक त्याला मास्तर म्हणत. जुनी मोटार खरी की बनावट, तिचे कोणते अंग मूळचे आणि कोणते उसने, हे तो सांगे आणि सांगितलेले बदलत नसे. ‘ही खुद्द राजेसाहेबांची गाडी’ असे म्हणत येणाऱ्यांना त्याने इतक्यांदा परत पाठवले होते, की एकदा तो वैतागून म्हणाला, “या जिल्ह्यात राजेसाहेबांच्या जेवढ्या मोटारी निघाल्यात, तेवढे राजेसाहेबांच्या डोक्यावर केससुद्धा नव्हते.”

त्याच्या हाताखाली एक शिष्या होती. यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण घेऊन आलेली, बुद्धीने तल्लख, हाताने स्वच्छ. दोन वर्षे ती शिकत होती. या वेळी मास्तर तिला म्हणाला, “ही गाडी तू पाहा. कागद तू लिही. सही तुझी आधी, माझी खाली.”

तिला आभाळ ठेंगणे झाले. आजवर तिने शेकडो नट खोलले होते, पण तिच्या नावाचा कागद एकही नव्हता.

चार दिवस ती त्या मोटारीखाली, मोटारीत आणि मोटारीभोवती होती. सांगाड्यावरचा क्रमांक तिने रंग खरवडून वाचला. इंजिनावरचा क्रमांक ताडून पाहिला. काचांच्या कोपऱ्यातल्या खुणा, दारांच्या बिजागऱ्या, स्क्रूंचे आटे, सगळे तपासले. परदेशातल्या कारखान्याला आधीच पत्र धाडून तिने त्यांच्या दप्तरातली नोंद मागवली होती. ती तंतोतंत जुळली. वहीत तिने दोन रकाने आखले होते, ‘मूळचे’ आणि ‘मागाहूनचे’. पहिला रकाना पानेच्या पाने भरला. दुसऱ्यात जेमतेम काही ओळी होत्या.

त्यांतली एक ओळ पायांजवळची होती. क्लच आणि ब्रेक या दोन पेडलांवर कुणीतरी बाभळीचे जाडजूड ठोकळे स्क्रूने बसवले होते. चार बोटे उंच, झिजून काळे पडलेले. अशा देखण्या यंत्रात ते ओंगळ लाकूड पाहून तिच्या कपाळाला आठी पडली. तिने ते काढले आणि भंगाराच्या पेटीत टाकले. दुसऱ्या रकान्यात लिहिले, ‘लाकडी ठोकळे, दोन. काढून टाकले.’ तिसऱ्या, अॅक्सिलरेटरच्या पेडलावर ठोकळा नव्हता, पण तशीच दोन भोके होती. त्यापुढे तिने लिहिले, ‘कारण अज्ञात. बुजवावीत.’

पाचव्या दिवशी व्यापारी आला. सहा फुटांच्या वर उंची, भरदार अंग, खणखणीत आवाज. काखेत चौकटीत बसवलेले छायाचित्र होते.

“काय मग, बाई? झाली आमच्या गाडीची कुंडली?”

“झाली, शेठ,” शिष्या म्हणाली. “गाडी शंभर टक्के अस्सल आहे. फक्त वरचा रंग नवा.”

“मी काय म्हणत होतो!” त्याने चौकट टेबलावर ठेवली. “आणि हे बघा, त्या साथीतलंच छायाचित्र. दवाखान्याच्या दारात. हे आमचे आजोबा.”

छायाचित्रात मोटार होती आणि तिच्या नाकावर हात ठेवून एक धिप्पाड पुरुष उभा होता. मोटारीचे छप्पर त्याच्या हनुवटीला लागत होते.

“मी संग्रहालयवाल्यांशी बोललोय,” व्यापारी शिष्येला म्हणाला. “गाड्यांचं दालन तुमच्याच हाती द्यायचं. असं माणूस त्यांना कुठं मिळणार? तेवढ्या आज सह्या झाल्या की आपण मोकळे.”

शिष्येने कागद पुढे केला. तिने सारे लिहिले होते. शेवटी फलकावरचा मजकूरही जसाच्या तसा उतरवला होता. मास्तराने कागद वाचला, वही वाचली, दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवले आणि उठला. भंगाराच्या पेटीजवळ जाऊन तो उकिडवा बसला आणि गंजके नळ, फुटके दिवे बाजूला सारत राहिला. अखेर दोन ठोकळे घेऊन तो मोटारीत शिरला. गुडघे कुरकुरत होते, तरी स्वतःच्या हाताने त्याने ते पेडलांवर पुन्हा पक्के बसवले.

शिष्या अवघडली. “मास्तर, ते मूळचे नाहीत.”

“वाचलं मी.” तो बाहेर आला, हात पुसले. “शेठ, जरा एक चक्कर मारा. अंगणातल्या अंगणात.”

“मी? हौसेनं! आमच्या रक्तातच आहे ते.”

व्यापारी आत बसायला गेला. पाय ठोकळ्यांवर ठेवताच त्याचे गुडघे स्टिअरिंगला भिडले. तो मागे सरकला, पाठ आसनात रुतवली. सीट जागची हलणारी नव्हती. डावा पाय उचलू गेला तर चाकाची कड मांडीत रुतली. चाक फिरवू गेला तर स्वतःच्याच गुडघ्यावर बोटे चेचली.

“आई गं! अहो, हे काय बसवलंय? माणसानं चालवायची कशी?”

“तुमचे आजोबा तुमच्यापेक्षा ठेंगणे होते का?”

“छे! दोन बोटं वरच. तालमीतलं शरीर त्यांचं!”

हे बोलला आणि व्यापारी थांबला. आपण काय बोललो ते त्याला ऐकू आले होते. तो रागाने बाहेर आला.

“म्हणजे तुम्हाला म्हणायचंय काय? आजोबा खोटे?”

“मी अजून काहीच म्हटलेलं नाही. ठोकळे बघितले, तुमचे गुडघे बघितले.”

“मागाहून कुणी बसवले असतील!”

“असतील. तेही शोधावं लागेल.” मास्तराने चौकट उचलून शिष्येपुढे धरली. “पोरी, यात माणसं किती?”

“एक. शेठजींचे आजोबा.”

“गाडीत बघ.”

तिने चौकट उजेडाला नेली. चार दिवस तिने या मोटारीचा प्रत्येक स्क्रू भिंगातून पाहिला होता. आता तेच भिंग तिने छायाचित्रावर धरले. पुढच्या काचेमागे, स्टिअरिंगच्या वरच्या कडेला, दोन मुठी होत्या. त्या मुठींच्या मधोमध मुंडाशाचा फक्त शेंडा दिसत होता. चेहरा चाकाआड गेला होता.

“कुणीतरी आहे,” ती हळूच म्हणाली.

“असेल कोणी!” व्यापारी उसळला. “एखादा नोकर असेल. त्याचं काय एवढं?”

“त्या ‘असेल कोणी’चं नाव शोधायचं राहिलंय, एवढंच,” मास्तर म्हणाला. त्याने शिष्येचा कागद समोर ओढला. मोटार अस्सल असल्याची सारी वाक्ये राहू दिली. आजोबांनी मोटार चालवल्याचे वाक्य आडव्या रेघेने खोडले, खाली एक ओळ कोरी सोडली आणि कागद सही न करता खणात ठेवला.

“तुमच्या सहीवाचून माझं अडणार नाही, मास्तर! शहरात छप्पन जाणकार आहेत.”

“मग तिकडं जा. मी नको म्हटलंय का? पण संग्रहालयानं छप्पन नावं सोडून हेच का मागितलं, तेही त्यांना विचारून या.”

व्यापारी पाय आपटत निघून गेला. मोटार मात्र तिथेच राहिली.

शिष्येने भंगाराच्या पेटीकडे पाहिले. मग म्हणाली, “मी ते भंगारात टाकले होते. उद्या पेटी रिकामी झाली असती.”

“हो.”

“पण मास्तर, कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा ते नव्हतेच. जे मूळचं नाही ते काढायचं, असंच मी शिकले.”

मास्तर मोटारीच्या पायरीवर टेकला. “कारखान्यातून निघाली तो तिचा जन्मदिवस. तेवढा तू चोख शोधलास, माझ्यापेक्षा चोख. पण जन्मदिवस म्हणजे आयुष्य नव्हे, पोरी. आयुष्य त्यानंतर सुरू होतं, आणि ते सगळं तुझ्या दुसऱ्या रकान्यात असतं. खरचटलेलं, ठोकलेलं, ओंगळ. खोटी गाडी करणारे मी पुष्कळ पाहिले. ते क्रमांक पाडतात, कागद पिवळे करतात. इथं तर गाडी खरी आहे. आणि खऱ्या गाडीवर बसवलेली खोटी गोष्ट ओळखणं फार अवघड, कारण जो तो गाडीच तपासतो आणि खूश होतो. आता जा. क्रमांक पुरे झाले, माणूस शोध.”

शिष्येने ठोकळे पुन्हा काढले. या वेळी फेकण्यासाठी नव्हे. तिने ते हातात घेऊन फिरवले. कडा रंध्याने गोल केल्या होत्या. स्क्रूचे डोके लाकडात नीट बुडवले होते. वर आडव्या खाचा पाडल्या होत्या, ओला पाय घसरू नये म्हणून. हे काम मोटारीच्या माणसाचे नव्हते, सुताराचे होते.

ती सुतारांच्या आळीत गेली. पहिल्या घरी हसले, दुसऱ्या घरी चहा दिला. तिसऱ्या घरी सत्तरीपुढची एक बाई सुपात डाळ पाखडत बसली होती. शिष्येने ठोकळा पुढे केला तशी बाईचे हात थांबले.

“ह्यो कुठं घावला तुला?”

“तुम्ही ओळखता?”

“वळखत न्हाई व्हय? आमच्या बाबाचा हाय. धोंडी सुतार. वजनानं हलका, उंचीनं मुलखाचा बुटका. गाडी शिकला, पर पाय पुरंनात. मग सोताच ठोकळं केलं. लोकं म्हनायची, बिनमानसाची गाडी आली, पळा!” बाई हसली, आणि हसतच डोळ्याला पदर लावला. “पटकीत मोठ्या शेटच्या गाडीतनं रोगी न्ह्यायचा, तीन म्हैनं घरात आला न्हाई. गोठ्यात निजायचा, आम्हाला लागन नको म्हनून. भाकरी लांबनं ठेवायचो.”

“आणि साथ संपल्यावर?”

“गाडी परत द्याया गेला. म्हनला, जशी घेतली तशी देतो. एक ठोकळा काढला, तंवर मोठं शेट लांबनंच वरडलं, हात लावू नको, हाय तशी गोदामात घाल. मढी वाहिलेली गाडी, कोन बसतंय तिच्यात? मग उरलेलं दोन तसंच ऱ्हायलं. एक तेवढा खिशात घालून आला.”

शिष्या पुढे झुकली. “तो एक कुठं आहे?”

बाईने मागे हात केला. स्वयंपाकघराचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली एक काळा ठोकळा सारलेला होता.

दुसऱ्या दिवशी ती बाई मास्तराच्या अंगणात आली. व्यापारीही आला होता. संग्रहालयाने दुसऱ्या कुणाची सही चालणार नाही, असे त्याला सांगितले होते. त्याच्यासमोर शिष्येने आधीचे दोन ठोकळे जागी बसवले आणि बाईने आणलेला ठोकळा तिसऱ्या पेडलावर ठेवला. दोन स्क्रू घेतले. भोकावर भोक आले. स्क्रू असे आत गेले, जणू काल काढले होते.

बाईने आत वाकून तिन्ही ठोकळ्यांवरून हात फिरवला.

व्यापारी मोटारीजवळ आला. आवाज पूर्वीइतका खणखणीत नव्हता. “म्हणजे आमच्या आजोबांचं नाव पुसायचं?”

“कशाला?” मास्तर म्हणाला. “लोक किडामुंगीसारखे मरत होते, तेव्हा त्यांनी दारातली गाडी काढून दिली. बाकीच्यांच्या गाड्या त्या वर्षी आजारी पडल्या होत्या. दिली, हे लिहू. ठळक लिहू. फक्त चालवली, हे चालवणाऱ्याच्या नावापुढं लिहू.”

व्यापारी बाईकडे वळला. मग म्हणाला, “फलक नवा कोरावा लागेल.”

“दगडाचा तुटवडा न्हाई आपल्याकडं,” बाई म्हणाली.

शिष्येने खणातून कागद काढला. कोऱ्या ओळीवर धोंडी सुताराचे नाव लिहिले. मग वही उघडली. ‘लाकडी ठोकळे, दोन. काढून टाकले,’ ही ओळ तिने खोडली आणि पहिल्या रकान्यात, ‘मूळचे’ या शब्दाखाली लिहिले, ‘ठोकळे, तीन. हलवू नयेत.’ मास्तराने ते पाहिले आणि पेन मागितले.

“आधी तुझी,” तो म्हणाला.

तिने सही केली.

फलक आपल्या गावातही पुष्कळ आहेत. ते वाचताना एवढेच पाहावे, की ज्याच्या नावावर वाटचाल कोरली आहे, त्याचे पाय पेडलावर होते का.