सात रांजण आणि एक काठी

फार पूर्वी, ढग डोंगराच्या कुशीत उतरून निजायचे, तेव्हाची ही गोष्ट. एका राजाने घाटाच्या वाटेवर सात पाणपोया घातल्या. प्रत्येकीत एक रांजण आणि पाणी द्यायला एक माणूस. सकाळी खालच्या विहिरीवरून कावडी येऊन रांजण भरून जात.

पाणपोया नीट चालतात का, हे बघायचं काम कारभाऱ्याकडे होतं. माणूस मोठा काटेकोर. त्याने पांगाऱ्याची हिरवी काठी तोडून तिच्यावर खुणा कोरल्या आणि रोज तिन्हीसांजेला ती रांजणांत बुडवू लागला. रांजण जितका भरलेला, तितकी पाणपोई चांगली! हसताय? दरबारात मात्र सगळ्यांनी माना डोलावल्या.

सहा रांजण काठोकाठ असत. माथ्यावरचा सातवा, येसाई म्हातारीचा, रोज कोरडा. महिनाभराने कारभाऱ्याने तिला काढून टाकायचा हुकूम लिहिला. चाळीस वर्षं ती तिथेच राहत होती, तिला दुसरं घर नव्हतं.

भर दुपारी हुकूम आणि काठी घेऊन तो घाट चढू लागला. उन्हात वाट हवेत तरंगत होती. पहिल्या पाणपोईवर त्याने पाणी मागितलं, तर तिथला माणूस ओशाळून म्हणाला, "कारभारी, तेवढं नका मागू. संध्याकाळी माप उतरेल."

सहाही ठिकाणी हेच. भरल्या रांजणांवर शेवाळ धरलं होतं.

माथ्यावर येसाईने रांजण तिरका करून तळाचं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं. इतकं गोड पाणी तो जन्मात प्यायला नव्हता. रोज तिन्हीसांजेच्या अंधुकात त्याची नजर काठीवरच असे; आज बघतो तर भोवती हिरवंगार गवत, लोकांच्या ओंजळीतून सांडलेल्या पाण्यावर वाढलेलं, आणि त्यात पाखरं न्हात होती. स्वप्नात असल्यासारखा तो बघतच राहिला.

"हुकूम आणलास ना बाबा? दे," त्याच्या कमरेला खोचलेला कागद बघून येसाई म्हणाली. "खाली पाणी न मिळालेले सगळे इथेच येऊन पितात, मग उरणार काय? रांजणाला विचारू नकोस. वाटसरूला विचार."

कारभाऱ्याला स्वतःची लाज वाटली. त्याने हुकूम फाडला, काठी ओल्या मातीत रोवली आणि तिथेच बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागला, पाणी कुठे मिळालं, कुठे नाही. दुसऱ्या दिवसापासून ज्याचा रांजण लवकर रिता होई, त्याच्याकडे जादा कावड जाऊ लागली. खालच्या सहा जणांचेही हात सैल झाले.

रोज पाण्यात बुडून जिवंत राहिलेल्या त्या काठीला पुढे पालवी फुटली. येसाई अखेरपर्यंत तिच्या सावलीत पाणी देत राहिली.

लोकांसाठी केलेल्या कामाचं माप भरलेल्या रांजणात नाही, भागलेल्या तहानेत बघावं.