गुराब वाढवली

एकदा एक वृद्ध सुतार होता. घरांचा नव्हे, जहाजांचा. स्पष्टवक्ता म्हणून सारे बंदर त्याला वचकून असे. लाकूड कुजले असेल तर तो धन्याच्या तोंडावर 'कुजले' म्हणायचा आणि शिष्याचा सांधा वाकडा असेल तर चारचौघांत 'वाकडा' म्हणायचा. गोड बोलणे त्याला जन्मात जमले नाही.

ऐन तारुण्यात त्याने एक गुराब बांधली होती. टोकदार नाळेचे, म्हणजे पुढच्या टोकाचे, तोफा वाहणारे शिडाचे जहाज. बेचाळीस वर्षे तिने किनारा राखला. वेढ्यात अडकलेल्या किल्ल्याला तांदूळ पोचवला, तीन लढायांत गोळे अंगावर घेतले, एकदा डोलकाठी गमावून दोन गलबतांच्या दोरीने ओढली जात घरी आली. पुढे वय झाले, तेव्हा तिच्या पोटात जुने दोरखंड साठवू लागले. लढणाऱ्याच्या नशिबी असेही दिवस येतात.

सुताराचा शिष्य तिशीतला होता. त्याचा बाप याच गुराबेवर गोलंदाज होता. तो तोफेशेजारी पडला आणि त्याला समुद्रातच निरोप द्यावा लागला. ना चिता, ना राख. म्हणून दर वर्षी तिथीला शिष्य त्या तोफेच्या जागी पान ठेवून येई. बापाची म्हणून जगात एवढीच जागा उरली होती.

एके दिवशी दरबारचा हुकूम आला. सुताराने तो ऐकून घेतला आणि शिष्याला म्हणाला, "अमावास्या झाली की गुराब वाढवायची आहे. तयारीला लाग."

शिष्याला आनंदाने काही सुचेना. त्याने सागाच्या उत्तम फळ्या निवडल्या, गुराबेच्या अंगावर खडूने खुणा केल्या, आईला सांगितले की बाबांची गुराब आता मोठी होणार. सुतार त्या खुणा रोज पाही आणि काही न बोलता पुढे जाई. याचे शिष्याला नवल वाटे.

ठरल्या दिवशी सुतार स्नान करून आला. त्याने नाळेवर नारळ वाढवला, हात जोडले, कुऱ्हाड उचलली आणि पहिला घाव गुराबेच्या फळीवर घातला.

शिष्याने त्याचा हात धरला. "आबा, वाढवायची म्हणाला होतात ना?"

सुतार खाली वाळूत बसला. "देवापुढचा नारळ आपण फोडला म्हणत नाही, दिवा विझवला म्हणत नाही. वाढवला म्हणतो. हिला 'मोडा' असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? तुझ्या खुणा दिसत होत्या मला. रोज सांगायला यायचो, पण तो शब्द तोंडातून निघेना. तुला उगाच आशा लागली, तो दोष माझा."

"शब्द बदलला म्हणून लाकूड वाचतं का?"

"नाही वाचत. शब्द लाकडासाठी नसतोच रे. हात जोडून घातला तरी घाव तेवढाच खोल जातो. पण संध्याकाळी घरी जाऊन आपल्याला घास गिळायचा असतो. तो शब्द त्याच्यासाठी."

 शिष्याने दुसरी कुऱ्हाड घेतली. बापाच्या तोफेजवळच्या फळ्यांना त्याने कोणाला हात लावू दिला नाही. एकेक खिळा काढून त्या स्वतः उतरवल्या. त्या दिवशी सुताराने त्याचे एकही काम वाकडे म्हटले नाही.

संध्याकाळी तो घरी गेला. म्हातारी आई उंबऱ्यापाशी वाट पाहत होती. तिने विचारले, "केवढी झाली रे गुराब?"

"वाढवली, आई."

त्याची झाली तशी चूक तिची झाली नाही. तिने आपल्या मोकळ्या मनगटांवरून हात फिरवला.

"माझ्या बांगड्याही त्या दिवशी अशाच वाढवल्या होत्या," ती म्हणाली. मग आत जाऊन तिने ताट घेतले आणि त्याला जेवायला वाढले.