आईसाहेबांच्या बोटातलं कणीस

एकदा काय झालं, एका राजाच्या म्हाताऱ्या आईची दृष्टी गेली. मग तिनं सगळे दागिने उतरवले. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. राजानं ठकू सोनारणीला बोलावलं. ठकूची सोन्याची तार केसाहून बारीक. राजा म्हणाला, आईच्या मनात भरेल अशी हिऱ्याची अंगठी घडव. तीन खेपा देतो. नाही जमलं, तर गाव सोडायचं.

मग ठकूनं पहिली अंगठी केली. बोराएवढा हिरा, बरं का! म्हातारीनं चाचपला नि म्हणाली, खडा आहे. मग दुसरी केली. बारीक हिऱ्यांची नुसती आरास. दरबार बघतच राहिला. म्हातारीनं मात्र ती लगेच काढून ठेवली. म्हणाली, रुतते.

ठकू घरी आली. गाव सुटायची धास्ती होतीच. पण त्याहून एक कोडं तिला सोडेना. बोटांना काय दिसत असेल? मग तिनं डोळ्यांवर पदर बांधला नि घरभर चाचपडली. तांब्या, जातं, सुपातले दाणे. बोटांना बरंच दिसत होतं की!

मग सकाळीच ती म्हातारीपाशी जाऊन बसली. म्हणाली, "आईसाहेब, डोळे होते तेव्हा तुम्हाला काय बघायला आवडायचं?"

हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हातारी तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "माहेरचं शेत. जोंधळ्याच्या कणसावर दंव असायचं. मी बोटानं टिपायची."

मग ठकूनं सोन्याचे इवले इवले रवे पाडले. दाण्याला दाणा जोडला. कणसाला बाक दिला, बोटाभोवती बसेल असा. आणि टोकाशी एकच हिरा, गुळगुळीत, थेंबासारखा.

म्हातारीनं अंगठीवरून बोट फिरवलं. दाणा, मग दाणा, मग दाणा. मग बोट हिऱ्यावर टेकलं. हिरा हाताला गार लागतो, बरं का. म्हातारी थबकली.

"दंव पडलंय," ती हळूच म्हणाली.

आणि मग नवल झालं! खिडकीतून एक चिमणी आली, थेट तिच्या हातावर बसली, नि सोन्याच्या दाण्यांवर चोच मारू लागली. एक दाणा सुटेल तर शपथ. म्हातारीला हसू आलं. म्हणाली, "अरे, हिला खरे दाणे आणा. मलाही भाकरी आणा, भूक लागलीय."

मग म्हातारी पोटभर जेवली, चिमणी पोटभर जेवली, आणि ठकू त्याच गावात सुखानं नांदली. झालं. आता घ्या पांघरूण नि मिटा डोळे.